फातमा बेगम ते 'मोलकरीण'

मराठीत 'दिग्दर्शक'चं स्त्रीरूप 'दिग्दर्शिका'. उर्दूत 'हिदायतकार'चं 'हिदायतकारा'. शिकवताना मी मुलांना अशी नावं विचारते, तेव्हा फळा पुरुषांच्याच नावांनी भरतो. मग मी फातमा बेगम लिहिते. 1926 मध्ये स्वतःची कंपनी काढून त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' केला. त्या भारतातल्या पहिल्या दिग्दर्शिका. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा त्यांचीच मुलगी. मात्र 'बुलबुल-ए-परिस्तान'ची एकही प्रत आज उरलेली नाही.

कथापटाला पैसा लागतो, वितरक लागतो. त्यामानाने माहितीपट थोडक्या साधनांत होतो, म्हणून पुढे अनेक बायकांनी ती वाट धरली. 1980 मध्ये बंगळुरात दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' हा गट सुरू केला. त्यांचा पहिला माहितीपट आपल्या पुण्यातला आणि मराठीतला: 'मोलकरीण' (1981). घरकाम करणाऱ्या बायकांनी संप करून संघटना कशी उभारली, ते त्यात त्या बायकाच सांगतात. पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरचा 'तंबाखू चाकिला ऊब आली' आला. त्यासाठी हा गट चार महिने त्या बायकांमध्ये राहिला होता.

याच दीपा धनराज यांनी 2011 मध्ये 'इन्व्होकिंग जस्टिस' केला. पुरुषांच्या जमातीत दाद मिळेना, म्हणून तमिळनाडूतल्या मुस्लिम बायकांनी 2004 मध्ये स्वतःची जमात उभी केली, त्याची ही हकीकत. आपल्याकडे तलाकवर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांनी तो पाहिला असेल?

समानतेची चर्चा बहुधा 'किती बायका दिग्दर्शन करतात' इथेच थांबते. मला वाटतं, त्यांचं काम टिकतं का आणि लोकांपर्यंत पोहोचतं का, हेही तितकंच विचारायला हवं. फातमा बेगमचा चित्रपट गेला. 'मोलकरीण' वाचला, पण तो डिजिटल रूपात जपायचं काम झालं बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेत!

रोज सकाळी सोमाटणे फाट्यावर धुण्याभांड्याला निघालेल्या बायका दिसतात. त्यांत आपल्या मोहल्ल्यातल्याही असतात. पंचवीसेक मिनिटांचा 'मोलकरीण' त्यांच्याच बोलीतला आहे. बर्लिनच्या प्रेक्षकांनी तो पाहिला. आता तो या फाट्यावर दाखवायला हवा.