द्राक्षवेलीच्या दोन छाटण्या

निफाड येथील आमच्या घराच्या परसांत कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एक द्राक्षवेल लावली. द्राक्षांच्या तालुक्यांत राहून दारीं वेल नसावी, ही उणीव आम्हांस बोंचत होती. शिक्षण इंग्रजी, तेव्हां मार्गदर्शनहि इंग्रजी ग्रंथांतच शोधलें. पानें झडून वेल निजली म्हणजे भर हिंवाळ्यांत तिची छाटणी करावी, असें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. आमच्या वेलीचीं पानें कांहीं झडलीं नव्हतीं. तरी ग्रंथप्रामाण्य मानून आम्हीं जानेवारींत कात्री चालविली. त्या वर्षीं, आणि त्याच्या पुढल्याहि वर्षीं, घरच्या मुलांस स्वतःच्या वेलीचें एक द्राक्ष मिळालें नाहीं. शेजारचे एक वृद्ध बागाइतदार कुंपणापलीकडून हें पाहत होते. ते म्हणाले, “सर, आपल्याकडं वेल झोपत नाही. तिला आपणच झोपवायचं अन् आपणच उठवायचं.” या वाक्यांत केवढा इतिहास सांठविला आहे, हें आम्हांस पुढें कळलें.

फ्रान्स-इटलींत वेलीस विश्रांति देण्याचें काम हिंवाळा करतो. माळ्यानें केवळ निसर्गाच्या मागोमाग जावयाचें. आमच्याकडे तसें नाहीं. निफाडच्या थंडीचा आंकडा दरवर्षीं वर्तमानपत्रांत झळकतो व आम्हां निफाडकरांस त्याचा थोडा अभिमानहि वाटतो. परंतु ती चार दिवसांची थंडी वेलीस निजविण्यास पुरत नाहीं. वेल बारमास हिरवी राहते, आणि मोकळी सोडली तर पानेंच पानें देते. उलट, केव्हांहि छाटली कीं ती पुन्हा फुटते. इब्न बतूता इ. स. १३४२ च्या सुमारास दौलताबादेस आला, तेव्हां तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात अशी नोंद त्यानें करून ठेविली. बंगळूरकडील निळ्या द्राक्षाचीं आजहि दोन पिकें घेतात.

मग नाशिककडील शेतकरी एकाच पिकावर कां थांबला? एप्रिलांत छाटलेल्या वेलीचें फळ पावसाळ्यांत येतें. तें आंबट राहतें, कुजतें, आणि वेलीचा जीव खातें. म्हणून त्यानें एका पिकाचा त्याग केला, पण छाटण्या दोन्ही ठेविल्या. एप्रिलमधील ती खरडछाटणी, ऑक्टोबरमधील ती गोडी छाटणी; पहिली काडीसाठीं, दुसरी फळासाठीं. विलायती पंचांगांत या युक्तीस जागाच नाहीं.

घरीं एकच वेल असली तरी नियम हाच. एप्रिलांत, रेवती-अश्विनीच्या सुमारास, गतवर्षीची प्रत्येक काडी एक-दोन डोळे राखून आंखूड करावी. नव्या फुटींवर घोंस दिसले तर मायेनें ठेवूं नयेत, खुडून टाकावे. पुढील दोन महिन्यांचें ऊन फार मोलाचें. कारण येत्या हंगामाचा घोंस त्याच वेळीं डोळ्याच्या आंत घडत असतो. या दिवसांत वेलीवर मोठ्या झाडाची सावली पडली, तर ऑक्टोबरांत कितीहि कुशल हातानें छाटलें तरी वांझ फूटच हातीं येते. आमच्या परसांतील कडुनिंबाचाहि आमच्या अपयशांत वाटा होता, हें त्याच्या फांद्या उतरविल्यावर ध्यानीं आलें.

गोडी छाटणी पावसानें पाठ फिरविल्यावर करावी. हस्तांत घाई करूं नये. कोंवळी फूट पावसांत सांपडली कीं तिच्यावर केवडा पडतो. बागाइतदार लवकर छाटतो तो बाजारभावासाठीं. घरच्या वेलीस बाजार नाहीं, तेव्हां स्वातीपर्यंत थांबण्यांत नुकसान कसलें? काडी पिकून तांबूस झालेली पाहून, जातीप्रमाणें डोळे राखून, छाटावी. चार-साडेचार महिन्यांनीं फळ येतें.

केवड्यावरील औषधाची कथा मौजेची आहे. फ्रान्समधील मेदोक प्रांतांत वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. इतर वेलींचीं पानें रोगानें झडलीं असतां त्याच तेवढ्या हिरव्या राहिल्या, हें प्राध्यापक मिलार्दे यांनीं पाहिलें व १८८५ मध्यें हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांसाठीं केलेली तजवीज रोगास लागू पडली!

या तालुक्यांतील नव्या द्राक्षबागाइतीचा आरंभ ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांच्या १९२५ मधील लागवडीपासून मोजतात. जुन्या बागांत वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवीत व जात बहुधा भोकरी असे. १९६० नंतर थॉमसन सीडलेसचा प्रसार झाला, पांगारे जाऊन तारांचे मांडव आले, भोकरी दिसेनाशी झाली. छाटण्या मात्र दोनच्या दोन राहिल्या.

परसांतील इतर फळझाडांसहि हेंच तत्त्व लागू आहे. भेद एवढाच कीं तेथें कात्रीऐवजीं तहान वापरावयाची. मोसंबी, डाळिंब, पेरू यांचे मृग, हस्त व आंबे असे तीन बहार. हवा तो एक धरावा, बाकीचे सोडावे. त्यासाठीं आधीं पाणी तोडावें. पानें पिंवळीं पडून गळूं लागलीं म्हणजे आळें उकरून खत घालावें, आणि मग पाणी सोडावें. आमच्याकडील काळ्या जमिनींत ओल फार टिकते, म्हणून ताण बसण्यास अधिक दिवस लागतात. येथें उतावीळ मनुष्य फसतो. मोगराहि पौषांत पाणी तोडून छाटला तर उन्हाळ्यांत फुलांनीं लहडतो.

अलीकडे मात्र या पंचांगावरच संकट आलें आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अवकाळी पावसानें नाशिक जिल्ह्यांतील बागांची जी दैना केली, ती आम्हीं डोळ्यांनीं पाहिली. तेव्हांपासून शेजारचे ते वृद्ध नक्षत्र मोजून झाल्यावर आमच्याकडे येतात व हवामानखात्याचा अंदाज मोबाइलवरून वाचून दाखवावयास सांगतात. तो ऐकून ते एकदां आभाळाकडे बघतात, आणि बहुधा “आणखी चार दिवस थांबू” म्हणतात. आम्हीहि थांबतो.