कारखान्याच्या दारातले शिक्षण : मुंबई उपनगरांतील व्यवसाय अभ्यासक्रम आणि शिकाऊ उमेदवारी

अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत सामील झाले, आणि साधारण त्याच काळात या उपनगरांतील भातखाचरांच्या जागी कारखान्यांची छपरे उभी राहू लागली. विक्रोळीला गोदरेज, पवईला लार्सन अँड टुब्रो, भांडुपला सिएट आणि एशियन पेंट्स, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कांदिवलीला महिंद्र असे मोठे उद्योग लोहमार्गांच्या आणि महामार्गांच्या आधाराने वसले. अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांचे व्यवसाय शिक्षण या भागात कसे रुजले आणि पुढे का खुरटले, हे समजून घेण्यासाठी शाळांइतकाच या कारखान्यांचाही इतिहास पाहावा लागतो.

हाताखाली काम शिकण्याची प्रथा अर्थातच याहून जुनी आहे. कंपनी सरकारने १८५० मध्ये केलेल्या कायद्याने दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना, विशेषतः अनाथ आणि गरीब मुलांना, करार करून एखाद्या कारागिराकडे जास्तीत जास्त सात वर्षे उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय झाली. त्या कायद्याच्या दृष्टीने धंदेशिक्षण ही निराधारांची तजवीज होती, आणि शाळेत न रमणाऱ्यांनी हातोडी धरावी हा समज समाजात दीर्घकाळ टिकला, त्याचे एक मूळ येथे आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने यंत्रविद्येला आणि वस्त्रोद्योगाच्या शिक्षणाला प्रतिष्ठा दिली खरी, परंतु ही संस्था आणि रेल्वेची परळ-माटुंग्याची वर्कशॉपे शहराच्या हद्दीत होती. उपनगरांना त्यांचा लाभ दुरूनच होत असे.

स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजे आयटीआयचे, जाळे विणले गेले. मुलुंड, बोरिवली, कुर्ला येथील शासकीय संस्था याच जाळ्यातल्या. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, संधाता म्हणजे वेल्डर अशी या व्यवसायांची शासकीय नावे आहेत. जोडारीचा विद्यार्थी सुरुवातीचे कित्येक आठवडे व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा आवळून त्याला कानस मारत राहतो, मग पृष्ठभागावर गुण्या टेकवून तो उजेडासमोर धरतो, आणि पात्याखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसली की तेवढाच उंचवटा पुन्हा घासतो. मिलिमीटरच्या अंशाची ही जाण पुस्तकातून येत नाही, आणि वर्गात ती पुरती पक्कीही होत नाही. त्यासाठी असे ठिकाण लागते, जेथे चुकलेला भाग पुढच्या यंत्रात बसत नाही आणि त्याची किंमत कोणालातरी मोजावी लागते.

ती जागा मिळवून देण्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला. ठरलेल्या व्यवसायांत कामगारांच्या संख्येच्या प्रमाणात उमेदवार घेणे त्याने कारखान्यांवर बंधनकारक केले. उमेदवाराशी लेखी करार, दरमहा विद्यावेतन आणि अखेरीस परीक्षा अशी व्यवस्था लावून दिली. मात्र उमेदवार हा कामगार नव्हे, तो शिकणारा आहे, असेही याच कायद्याने ठरवले, आणि कलम २२ नुसार, करारात तशी अट नसेल तर, मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर राहिले नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीत प्राधान्य मिळावे, असे म्हटले. तो दिलासा होता, हमी नव्हती.

शाळेच्या बाजूने हाच प्रश्न कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात हाताळला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत वाटा असलेले शिक्षणतज्ज्ञ होते. दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी १९८६ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावे, अशी आयोगाची अपेक्षा होती. महाराष्ट्रात दहावी, मग अकरावी-बारावी आणि पुढे पदवी अशा नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि १९७८-७९ पासून द्विलक्षी अभ्यासक्रम आले. नियमित विषयांसोबत दोनशे गुणांचा एक व्यवसाय विषय घेता यावा, म्हणजे पदवीची वाट खुली राहून हाताला कामही मिळेल, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. प्रत्यक्षात विज्ञान शाखेतल्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र घेऊन दुसरी भाषा आणि जीवशास्त्र टाळता येई, गुणही चांगले पडत, आणि त्यामुळे हा विषय अभियांत्रिकीच्या प्रवेशाची शिडी बनला. यात मुलांना किंवा पालकांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्या गुणांपलीकडे त्यांना आश्वासक असे काही दिसत नव्हते.

ते का दिसत नव्हते, याचे उत्तर शिक्षण खात्याबाहेर आहे. राज्य सरकारने १९७४ मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीचे धोरण जाहीर केले आणि बृहन्मुंबईत नव्या मोठ्या व मध्यम कारखान्यांना मज्जाव केला. गर्दी आणि प्रदूषण पाहता त्यामागे सबळ कारणे होती. परंतु एकाच राज्याने एका हाताने अकरावीच्या वर्गात कारखान्याचे शिक्षण आणावे आणि दुसऱ्या हाताने त्याच परिसरातल्या कारखान्यांची वाढ रोखावी, या दोन निर्णयांची सांगड कोणी घातल्याचे दिसत नाही.

पुढचा प्रयत्न अधिक गंभीर होता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अपेक्षा उतरवून १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के विद्यार्थी हे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी शिकाऊ उमेदवार अधिनियमात दुरुस्ती होऊन बारावी व्यवसाय शाखेचे विद्यार्थी ‘तंत्रज्ञ (व्यवसाय) शिकाऊ उमेदवार’ म्हणून कायद्याच्या कक्षेत आले, आणि त्यांची व्यवस्था पश्चिम विभागात शीवच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे आली. १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे बोलीतले एमसीव्हीसी, सुरू झाले. त्यांत भाषा आणि सामान्य पायाभूत विषय थोडे, तर व्यवसायाचे तीन विषय आणि प्रात्यक्षिके मुख्य असत. शाळा आणि कारखाना कायद्याने प्रथमच असे जोडले गेले, पण तोवर १९८२ च्या गिरणी संपाने शहराचा कणा मोडला होता आणि पुढच्या दोन दशकांत लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कित्येक कारखान्यांच्या जागी निवासी इमारती, मॉल आणि कार्यालये आली. वीजतंत्री व्हायला निघालेल्या मुलाला उमेदवारी करायची तर ठाणे-बेलापूर पट्टा किंवा त्याहून दूर गाठावे लागे.

२०१४ च्या दुरुस्तीने कायद्याचा रोख सेवा क्षेत्राकडेही वळवला आणि २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे सक्तीचे केले. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना मात्र ते ऐच्छिक राहिले. उपनगरांत आज यंत्रकाम उरले आहे ते मुख्यतः मरोळ, साकीनाका, असल्फा येथील गाळ्यांत, म्हणजे एकदोन लेथ आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके कारागीर असलेल्या छोट्या वर्कशॉपांत, आणि सक्तीची रेषा नेमकी त्यांच्या वरून जाते. अशा गाळेमालकाला एकट्याने करार, हजेरी आणि विद्यावेतनाचे हिशेब सांभाळणे परवडत नाही. दहा-वीस गाळ्यांची मिळून एकच नोंदणी करून हे काम जवळच्या आयटीआयकडे किंवा कनिष्ठ महाविद्यालयाकडे सोपवले, तर मुलुंड-अंधेरीच्या विद्यार्थ्याला घराजवळ उस्तादाच्या हाताखाली उभे राहता येईल.