बुदुरुवागलची सात शिल्पं आणि सासूबाईंचा नियम



बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे वेरूळला गेलो होतो. खरं तर बत्तीस नंबरचं आपलं लेणं, इंद्रसभा बघायची होती, पण सुरुवात केली बौद्ध लेण्यांपासून. बाराव्या लेण्यात, तीन तालच्या वरच्या मजल्यावर, दोन्ही बाजूंना सात-सात मूर्ती ओळीनं पद्मासनात बसलेल्या आहेत. अंधार, वटवाघळांचा वास, आणि त्या ध्यानस्थ मूर्ती. सासूबाईंना वाटलं तीर्थंकरच. त्यांनी प्रत्येकापुढं वाकून नमस्कार केला. खाली आल्यावर कुणीतरी सांगितलं की ते सगळे बुद्ध. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी उपवास धरला आणि तेव्हापासून घरात नियम झाला : आधी अंगावरचं वस्त्र बघायचं, मग हात जोडायचे.

ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही दोघं श्रीलंकेला निघालो तेव्हा दारातच त्यांनी तो नियम पुन्हा ऐकवला. "तिकडं सगळे बुद्धच. देव-शास्त्र-गुरू सोडून कुठं वाकू नको बाई." मी हो म्हटलं. सम्यक्त्वाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही.

खाण्याचं आधी सांगते, कारण तुम्ही तेच विचाराल. तिकडं भाजीत, चटणीत, अगदी खोबऱ्याच्या साध्या संबोलातही उंबलकड घालतात, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा. दिसत नाही, विचारावंच लागतं. मी दशम्या, भडंग आणि लसूण नसलेली शेंगाचटणी भरून नेली होती. एकदा रस्त्याकडेच्या दुकानात मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही मिळालं, त्यावर काळसर पाक ओतून देतात. मी हातच आखडला, मध वाटला. तिकडं म्हशीच्या दह्याला म्हणतात मीकिरि आणि मधाला मीपॅणि, त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढला. शेवटी ड्रायव्हरदादांनी झाडाकडं बोट दाखवून समजावलं की हा मध नाही, किथुल नावाच्या माडाच्या रसाचा पाक आहे, किथुलपॅणि. मग खाल्लं. फार छान लागतं.

एल्ला डोंगरावर आहे, चहाच्या मळ्यांचा थंड मुलूख. तिथून वेल्लवायाकडं उतरताना वाटेत रावण एल्ला धबधबा रस्त्याला अगदी चिकटून आहे. एल्ला म्हणजे धबधबाच. माकडांनी आमचं अर्धं भडंग तिथं संपवलं. वेल्लवायाहून कोसलंदाच्या रस्त्यानं थोडं वर गेलं की दियलुमा दिसतो, सरळ कड्यावरून २२० मीटर खाली पडणारा. आम्ही गेलो तेव्हा पाणी कमी होतं, वाऱ्यानं त्याचा पदर हलत होता. घाट संपला की हवा बदलते. ऊन, कोरडं रान, भाताची खाचरं आणि मोठमोठे तलाव. आपल्या आटपाडी-जतकडच्या माणसाला तलावाचं मोल लगेच कळतं.

वेल्लवायापासून चार-पाच किलोमीटरवर आत वळलं की एक तलाव लागतो, कडेनं पांढरे बगळे. तिथून पुढं झाडीत बुदुरुवागल. नावाची फोड ड्रायव्हरदादांनी केली : बुदु म्हणजे बुद्ध, रुव म्हणजे रूप, गल म्हणजे दगड. सरळ अर्थ. चपला काढून वाळूतून चालत गेलो, पाय भाजत होते, आणि एकदम झाडं संपून समोर तो कातळ.

एका कातळावर सात आकृती कोरल्या आहेत. मधला बुद्ध उभा, ५१ फूट उंच. लंकेतल्या जुन्या उभ्या बुद्धमूर्तींत सर्वांत उंच हाच मानतात. उजवा हात अभयमुद्रेत. मूळ मूर्तीवर गिलावा आणि रंग होता, त्याचा नारिंगी ओघळ अजून अंगावर दिसतो. म्हणजे चीवर. सासूबाईंच्या परीक्षेत निकाल लगेच लागला.

पण सख्यांनो, मला पहिल्यांदा आठवले ते आपले गोमटेश्वर. ही शिल्पं नवव्या-दहाव्या शतकातली मानतात. चामुंडरायानं श्रवणबेळगोळला ५७ फुटी बाहुबली उभा केला तो इ. स. ९८१ च्या सुमारास. एका काळाच्या आसपास, समुद्राच्या अल्याड-पल्याड, कुणीतरी छिन्नी घेऊन एवढ्या उंचीवर बसलं होतं. फरक सांगायचा तर आपला बाहुबली डोंगरमाथ्यावर चारी बाजूंनी मोकळा आहे, हा बुद्ध मात्र कातळातून पुरता बाहेर आलेला नाही, पाठ आतच आहे. आणि बाहुबलीचे हात सोडलेले, कायोत्सर्गात, त्याला कुणाला काही द्यायचं नाही. बुद्धाचा हात वर आहे, तो समोरच्याला भिऊ नको म्हणतोय. मला यात कोण थोर हे ठरवायचं नाही, पण आपल्या मूर्तीची ती अलिप्तता मला तिथं परक्या मुलखात उभी राहिल्यावर जास्त नीट कळली.

बुद्धाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आकृती. एका बाजूला मधोमध पांढरा गिलावा टिकून राहिलेला अवलोकितेश्वर, आणि त्याच्या शेजारी एक बाई. तारा. तीन ठिकाणी अंग मुरडून उभी. सातांत ती एकटीच स्त्री. मी सर्वांत जास्त वेळ तिच्यासमोर काढला. पार्श्वनाथांशेजारी पद्मावतीमाता असते तसं वाटलं.

सिंहली बायका पांढरे कपडे घालून फुलं वाहत होत्या. ड्रायव्हरदादांनी विचारलं, तुमचा देव कोण? मी म्हटलं, महावीर. त्यांना कळेना. ह्यांनी सांगितलं, बुद्धांच्याच काळातले, बिहारातलेच, निर्ग्रंथ. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "निगंठ नाथपुत्त!" म्हणाले. रविवारच्या धर्मशाळेत शिकलेले. पाली ग्रंथांत आपल्या महावीरांना हेच नाव आहे. मला आनंद झाला, आणि मग लक्षात आलं की त्यांना ते नाव बुद्धांचे प्रतिस्पर्धी म्हणून शिकवलं गेलंय.

मग त्यांनीच गोष्ट सांगितली, 'महावंस' ग्रंथातली, तिकडच्या पोराटोरांना पाठ असलेली. अनुराधपुरात निगंठांचा आश्रम होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या पंडुकाभय राजानं निगंठांसाठी घरं बांधल्याचं त्याच ग्रंथात आहे. पुढं इसवी सनापूर्वी १०३ मध्ये वट्टगामणी अभय हा राजा लढाई हरून त्या आश्रमावरून पळत होता. तिथला गिरी नावाचा निगंठ मोठ्यानं ओरडला, की बघा, तो काळा सिंहली पळतोय. राजानं ते मनात ठेवलं. चौदा वर्षांनी राज्य परत मिळाल्यावर त्यानं आश्रम पाडला आणि तिथं विहार बांधला. अभयगिरी. राजाचं नाव अभय, आणि गिरी हे त्या निगंठाचं, असा अर्थ लावतात.

दोनच दिवसांपूर्वी आम्ही त्या अभयगिरीच्या स्तूपाला फेरी मारून फोटो काढून आलो होतो.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मग त्या गिरीचाही आला. हरलेल्या माणसाच्या पाठीवर बोलायचं काय कारण होतं? भाषासमिती म्हणून काही असते. अर्थात हे लिहिलंय भिक्षूंनी, आणि घटनेनंतर पाच-सहाशे वर्षांनी. आपल्या बाजूनं कुणी लिहिलं असतं तर कदाचित गिरी काहीच बोलला नसता.

पण गोष्ट तिथं संपत नाही. त्या अभयगिरीतच पुढं महायानाचा विचार वाढला. चिनी यात्रेकरू फाहियान पाचव्या शतकात आला तेव्हा त्यानं तिथं पाच हजार भिक्षू असल्याचं नोंदवलं. बुदुरुवागलचे अवलोकितेश्वर आणि तारा त्याच महायानातले. मग बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहू राजानं सगळे संघ महाविहाराच्या शिस्तीत आणले आणि महायानही लंकेतून गेलं. आमची जागा ज्यांना मिळाली, त्यांचीही राहिली नाही. कॅण्डीत अवलोकितेश्वर 'नाथ' या नावानं देव म्हणून उरला आहे. तारेला फूल वाहणाऱ्या त्या बाईला मी खुणेनं विचारलं, ही कोण? तिनं हसून मान हलवली, आणि तिच्याकडची दोन फुलं माझ्या हातात दिली.

फुलं हातात घेऊन मी उभी. वाहिली तर नियम मोडतो, टाकून दिली तर त्या बाईचा अपमान. शेवटी फुलं ह्यांच्या हातात दिली, हात खाली सोडले, पाय जुळवले आणि कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार म्हटला. वाकले नाही, पाठही फिरवली नाही. डोळे उघडले तर ड्रायव्हरदादा टोपी काढून शेजारी गप्प उभे होते. फुलं ह्यांनी खाली कातळाच्या कडेला ठेवली होती. ह्यांना सासूबाईंनी काही बजावलेलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. फुलांचंही. त्यांनी वेरूळसारखं काही मनाला लावून घेतलं नाही. फोटो मोठा करून करून बघत राहिल्या.

"वस्त्र आहे," त्या म्हणाल्या.

"आहे, आत्ती."

"मग ही बाई कोण म्हणालीस?"

"तारा."

"एवढ्या उन्हात उभी," त्या म्हणाल्या, आणि फोन माझ्याकडं देऊन देवघरात पद्मावतीमातेच्या ओटीचं तबक लावायला गेल्या. शुक्रवार होता.