ट्रॅकबॉल, स्पिनर आणि माऊस : एका समान संकेतपद्धतीचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे आणि आज्ञावली यांचा विचार विस्ताराने झाला आहे. मनुष्याचा हात आणि संगणक यांना जोडणाऱ्या साधनांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य देशांतील हौशी तंत्रज्ञ नाणे टाकून चालणाऱ्या जुन्या आर्केड यंत्रांतील ट्रॅकबॉल व स्पिनर काढून घेत आणि घरच्या संगणकाच्या माऊसच्या सर्किटला जोडत. वरवर पाहता ही केवळ हौस वाटते. परंतु ही जोडणी मुळात शक्य का झाली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर शोधणे आणि जुन्या खेळांच्या जतनाशी असलेला त्याचा संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

ट्रॅकबॉल हा माऊसचाच एक प्रकार आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडारप्रणालीसाठी फिरत्या गोळ्याचे साधन तयार केले. लष्करी गुप्ततेमुळे ते दीर्घकाळ अज्ञात राहिले. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या ‘दातार’ प्रकल्पात टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केनियन टेलर यांनी अशाच साधनात बोलिंग खेळातील चेंडू वापरला. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी माऊसचा पहिला नमुना १९६४ मध्ये बनवला. त्याला गोळा नव्हता, एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. पुढे जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीत रायनर मालेब्राइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी केलेला ट्रॅकबॉल उलटा करून ‘रोलकुगेल’ हे साधन सिद्ध केले व ते ऑक्टोबर १९६८ मध्ये जाहीर झाले. अर्थात, गोळ्याचा माऊस म्हणजे पालथा घातलेला ट्रॅकबॉलच होय.

आर्केडमधील वापर

रडारच्या पडद्यासमोरील गोळा १९७८ मध्ये अटारी कंपनीच्या ‘फुटबॉल’ या खेळामुळे करमणुकीच्या क्षेत्रात लोकप्रिय झाला. ‘मिसाइल कमांड’ (१९८०) आणि ‘सेंटिपीड’ (१९८१) या खेळांतही त्याचा वापर झाला. ‘टेम्पेस्ट’ (१९८१) या खेळात एकाच अक्षावर अखंड फिरणारी मूठ, म्हणजे स्पिनर होता. ‘पाँग’ (१९७२) या आधीच्या खेळातील मुठीपेक्षा तो मूलतः वेगळा होता. पाँगची मूठ पोटेन्शिओमीटरवर चालत असल्याने तिच्या फिरण्यास मर्यादा होती. ती ‘आपण कोठे आहोत’ हे सांगत असे. स्पिनर केवळ ‘किती व कोणत्या दिशेने हललो’ एवढेच सांगतो. माऊसही नेमके तेच सांगतो.

समान संकेतपद्धती

या साधर्म्याचे मूळ क्वाड्रेचर पद्धतीत आहे. गोळा किंवा मूठ फिरली की तिच्या अक्षावरील खाचा असलेली चकती फिरते. चकतीच्या एका बाजूस प्रकाश देणारा डायोड आणि दुसऱ्या बाजूस दोन प्रकाशसंवेदक असतात. त्यांची रचना अशी असते की दोहोंच्या संकेतांत पाव आवर्तनाचे अंतर राहावे. त्यामुळे ००, ०१, ११, १० अशा चार अवस्था क्रमाने उमटतात व दिशा बदलल्यास हा क्रम उलटतो. चकतीवर ७२ खाचा असतील, तर एका फेऱ्यात २८८ टप्पे मोजता येतात. १९८४ च्या मॅकिन्टॉशचा माऊस हेच कच्चे संकेत थेट संगणकाकडे पाठवीत असे. सीरियल माऊस आणि १९८७ मध्ये आलेल्या पीएस/२ माऊसमध्ये मात्र मोजणीचे काम माऊसमधील चिपकडे आले. संगणकास केवळ तयार आकडे मिळू लागले आणि मूळ संकेत दृष्टीआड झाले.

जोडणीचे स्वरूप

हौशी तंत्रज्ञांनी हाच दृष्टीआड झालेला दुवा शोधून काढला. माऊस उघडून त्यातील प्रकाशसंवेदक काढावयाचे आणि चिपच्या त्या टोकांना ट्रॅकबॉलच्या संकेतवाहिन्या डाखावयाच्या, अशी ही पद्धत होती. ट्रॅकबॉलच्या प्रत्येक अक्षास दोन याप्रमाणे चार तारा लागत. स्पिनरला दोनच पुरत. दर्शक उलट दिशेस जाऊ लागल्यास त्या अक्षाच्या दोन तारांची अदलाबदल करणे पुरेसे असे. दोहोंपैकी एकच संकेत पोहोचत असल्यास दर्शक पुढे न सरकता जागच्या जागी थरथरत राही. विद्युतपुरवठ्याचाही प्रश्न होता. पीएस/२ मधून ५ व्होल्टचा पुरवठा मिळे. सीरियल माऊस मात्र संकेततारांतून मिळणाऱ्या अल्प विजेवर चालत असल्याने आर्केडच्या सर्किटला ती अपुरी पडे.

१९९९ नंतर प्रकाशीय माऊसचा प्रसार झाला. त्यात फिरणारी चकतीच नसल्याने तारा जोडण्याची जागाही उरली नाही. पुढे हे काम यासाठीच बनवलेल्या छोट्या सर्किटांकडे आणि यूएसबी माऊस म्हणून ओळख देणाऱ्या मायक्रोकंट्रोलरकडे गेले.

जतनाचा प्रश्न

१९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या ‘मेम’ या एम्युलेटरमुळे आर्केड खेळांच्या आज्ञावली आधुनिक संगणकावर चालू लागल्या. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘टेम्पेस्ट’चा आपल्या संग्रहात समावेश केला. परंतु आज्ञावली जतन झाली म्हणजे खेळ जतन झाला, असे म्हणता येत नाही. जड मुठीला दिलेला झटका आणि हात काढल्यावरही तिचे फिरत राहणे हा त्या खेळाचाच भाग आहे. बाणांच्या कळांनी तो खेळल्यास पडद्यावरील चित्र तेच राहते, अनुभव मात्र हरवतो. योग्य साधन जोडूनही संगणकातील दर्शकाचे वेगवर्धन चालू राहिल्यास हात आणि हालचाल यांचे मूळ प्रमाण बिघडते.

समारोप

रडारकक्ष, करमणुकीची दुकाने आणि कार्यालयीन संगणक या तीन भिन्न क्षेत्रांतील साधने एकाच संकेतपद्धतीने बांधलेली होती. अधिकृत इतिहासात अलक्षित राहिलेले हे नाते काही हौशी व्यक्तींनी डाखणीच्या साहाय्याने सिद्ध केले. दृश्य आणि आज्ञावली यांचे जतन करणाऱ्या संस्थांनी हाताच्या हालचालीचेही जतन करणे आवश्यक आहे; कारण ती हालचाल लोपल्यास मागे उरते ते खेळाचे केवळ चित्र.