वेदपठणातील स्वर : बोलणे आणि गाणे

वेदपठण हजारो वर्षे जसेच्या तसे टिकले, असे सरसकट सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. उदात्त, अनुदात्त व स्वरित हे भेद मुळात संगीताचे नसून बोलभाषेचे होते. पाणिनीने आपल्या काळातील व्यवहारभाषेलाही ते लावले आहेत. पुढे बोलण्यातून ते लोपले, पठणात मात्र उरले. तेही बदलून. पाणिनीच्या मते उदात्त हा उच्च स्वर होय. आजच्या ऋग्वेदपठणात मात्र सामान्यतः स्वरितच सर्वांत वर चढतो. पद, क्रम, जटा, घन या पाठांनी अक्षरे व त्यांचा क्रम कडेकोट राखला, सुरांना तेवढे संरक्षण लाभले नाही. सामवेदाचा मार्ग निराळाच. त्यातील बहुतेक ऋचा ऋग्वेदातल्याच. परंतु सामगानात अक्षरे लांबवून, मध्ये अर्थहीन स्तोभ घालून त्या गायिल्या जातात. तेथे शब्द सुराच्या स्वाधीन होतो.