रूळ उखडले, कागद उरले

१९४१ साली उत्तर वेल्समधल्या वेल्श हायलँड रेल्वेचे रूळ युद्धासाठी लोखंड हवं म्हणून उखडण्यात आले. शेवटची प्रवासी गाडी त्याआधी १९३६ च्या सप्टेंबरात धावली होती आणि मालगाडी १९३७ मध्ये. १९४४ मध्ये कोर्टाने कंपनी गुंडाळण्याचा हुकूमही काढला. गाडी नाही, रूळ नाहीत, कंपनीला टाळं. एखादी रेल्वे मेली म्हणायला याहून जास्त काय लागतं? कायद्याच्या लेखी मात्र ती पुरती मेली नव्हती. तिच्या जमिनीवरून पुढे पन्नास वर्षं झगडा चालला. त्यातले मुख्य वादी-प्रतिवादी म्हणजे कुणी बिल्डर किंवा सावकार नव्हते. रेल्वेच्या प्रेमापोटी रविवारी फुकट राबणारी माणसं दोन्ही बाजूंना होती.

ही रेल्वे जन्मापासूनच कर्जात होती. स्नोडोनियाच्या डोंगरांत १८७७ पासून एक चिमुकली लाइन दिनास गावाहून निघत असे, आणि तिची गाडी डोंगर चढत कशीबशी रीद-दीपर्यंत पोचे. ती पुढे नेऊन समुद्रकाठच्या पोर्थमॅडॉगला जोडायची, असं ठरवून १९२२ मध्ये वेल्श हायलँड कंपनी स्थापन झाली आणि १९२३ मध्ये सगळा मार्ग खुला झाला. पैसा मुख्यतः कर्जरोख्यांतून उभा केला होता. त्यात सरकारने आणि वाटेतल्या स्थानिक कौन्सिलांनीही हात घातला होता. पण स्लेटच्या खाणींचा बहराचा काळ संपला होता आणि प्रवाशांना मोटारबस सापडली होती. १९२७ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. हा रिसीव्हर म्हणजे कर्नल स्टीफन्स. ब्रिटनभरच्या मोडकळीला आलेल्या छोट्या रेल्वे चालवण्यात त्यांची हयात गेली होती, तरी या रेल्वेपुढे त्यांचंही काही चाललं नाही.

पोर्थमॅडॉगमध्ये या लाइनला येऊन मिळत होती तिची थोरली शेजारीण, फेस्टिनियोग रेल्वे. ती १८३६ पासूनची. तिच्या रुळांमधलं अंतर ५९७ मिलिमीटर, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा जेमतेम १३ मिलिमीटर कमी. ब्लायनायच्या खाणीतली स्लेट घेऊन भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने बंदरापर्यंत घरंगळत येत. रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायला घोडे असत, आणि उतरताना ते घोडेही गाडीला जोडलेल्या खास डब्यात उभे राहून चारा खात खाली येत. १८६३ मध्ये या अरुंद रुळांवर वाफेची इंजिनं आली, तेव्हा जगभरच्या इंजिनियरांची पावलं तिकडे वळली.

दोन्ही रेल्वे काही काळ एकाच माणसांच्या हाताखाली होत्या. त्या दिवसांतला एक प्रकार त्यांच्या नात्याविषयी पुष्कळ सांगून जातो. वेल्श हायलँडकडे १९०६ साली बांधलेलं 'रसेल' नावाचं इंजिन होतं. ते फेस्टिनियोगच्या मार्गावरही चालावं म्हणून त्याचं धुराडं कापलं, केबिनचं छप्पर उतरवलं, घुमट बुटका केला. एवढी चिरफाड करूनही ते फेस्टिनियोगच्या मोएल्विन बोगद्यात मावलं नाही. देखणं इंजिन विद्रूप झालं आणि काम काही साधलं नाही. १९३४ मध्ये फेस्टिनियोगने वेल्श हायलँड ४२ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चालवायला घेतली आणि तीन वर्षांत अंग काढून घेतलं.

ही रेल्वे लाइट रेल्वे ऑर्डर नावाच्या सरकारी आदेशाने उभी राहिली होती. अशा रेल्वेची जमीन तुकडे पाडून मनाला येईल तशी विकता येत नाही. त्यासाठी पुन्हा सरकारी आदेश लागतो आणि त्याला खर्च येतो. बुडीत कंपनीच्या तिजोरीत त्यासाठी दमडी नव्हती. त्यामुळे सुमारे ३५ किलोमीटरचा पट्टा, त्यावरचे भराव, पूल आणि अ‍ॅबरग्लासलिनच्या खिंडीतले बोगदे, सगळं जवळपास अखंड राहिलं. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव तसंच राहावं आणि खाली नातवंडांची भाऊबंदकी सुरू व्हावी, तशी ही अवस्था होती.

फेस्टिनियोगही १९४६ मध्ये बंद पडली. तिचं नशीब मात्र निराळं निघालं. १९५४ मध्ये अ‍ॅलन पेगलर या उद्योजकाने तिचे बहुसंख्य शेअर घेतले आणि ते एका धर्मादाय ट्रस्टच्या हवाली केले. त्यातून जी रचना उभी राहिली, ती पुढे ब्रिटनमधल्या कितीतरी वारसा-रेल्वेंमध्ये थोड्याफार फरकाने दिसते. गाड्या चालवते, कर्ज काढते, पगार देते ती कंपनी. तिची मालकी ट्रस्टकडे. वर्गणीदार आणि फुकट राबणारे हात जमवते ती सोसायटी. अशी वाटणी करण्यामागे व्यवहार असतो. मृत्युपत्रातून मिळणारा पैसा आणि करसवलत धर्मादाय संस्थेकडे सोपी जाते, तर अपघात आणि कर्ज यांची जोखीम कंपनीच्या गळ्यात राहते. अडचण येते ती सोसायटीच्या सभासदाला. वीस वर्षं त्याने रुळांवर घाम गाळलेला असतो, पण कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत काय शिजतंय हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

इंग्लंडच्या वेस्ट सॉमरसेट रेल्वेत ही फट अगदी उघड्यावर आली. तिथली बंद पडलेली लाइन १९७३ मध्ये सॉमरसेट कौन्सिलने २,४५,००० पौंडांना घेतली आणि रेल्वे कंपनीला भाड्याने दिली. गाड्या कंपनी चालवते आणि तिच्या पाठीशी स्वयंसेवकांची असोसिएशन आहे. कौन्सिलने २०१३ मध्ये जमीन विकायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा एकाच रेल्वेची ही दोन अंगं परस्परांविरुद्ध खरेदीला उभी राहिली. शेवटी २०१४ मध्ये कौन्सिलने कुणालाच विकायचं नाही असं ठरवून सौदा आवरता घेतला. वेल्समध्ये मात्र प्रकरण निकालापर्यंत गेलं.

वेल्श हायलँडच्या चाहत्यांनी १९६१ मध्ये सोसायटी काढली आणि १९६४ मध्ये एक कंपनी नोंदवली. तिच्या नावातच ते वर्ष असल्याने सगळे तिला '६४ ची कंपनी' म्हणत. कंपनी गुंडाळायला नेमलेल्या लिक्विडेटरच्या मृत्यूनंतर जुन्या कंपनीचं दप्तर ऑफिशियल रिसीव्हर या सरकारी अधिकाऱ्याकडे गेलं होतं. जमीन मिळवण्याच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं लांबत राहिल्या. दुसरीकडे तिथल्या ग्विनेद कौन्सिललाही तो पट्टा हवा होता. तिच्या पूर्वसुरींचा पैसा त्या जुन्या कर्जरोख्यांत अडकलेला होताच. ६४ च्या कंपनीने कौन्सिलशी जुळवून घेतलं: जमीन कौन्सिलची, रेल्वे आपली. तोवर नुसतं बसून न राहता त्यांनी पोर्थमॅडॉगमध्ये ब्रिटिश रेल्वेच्या साइडिंगची जागा विकत घेतली आणि १९८० मध्ये जेमतेम सव्वा किलोमीटर गाडी सुरू केली. बुटका झालेला 'रसेल' ही आता त्यांचाच होता. त्याला पूर्वीचं रूप देऊन १९८७ मध्ये त्यांनी तो पुन्हा वाफेवर आणला.

त्यांच्यातल्याच काहींना कौन्सिलच्या दारात उभं राहणं पटेना. त्यांनी १९८३ मध्ये वेगळी चूल मांडली आणि ट्रॅकबेड कन्सॉलिडेशन नावाची कंपनी काढली. त्यांची युक्ती कागदातून निघाली होती. जुनी कंपनी अजून विसर्जित झालेली नाही. म्हणजे तिचे शेअर आणि कर्जरोखे अजून कुणाच्या तरी मालकीचे आहेत. मूळ गुंतवणूकदारांचे वारस शोधायचे, पडून राहिलेले रोखे त्यांच्याकडून विकत घ्यायचे, पुरेशी संख्या झाली की कंपनीलाच लिक्विडेशनमधून बाहेर काढायचं. मग जमीन विकत घेण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण कंपनी जिवंत झाली की जमीन तिचीच. १९२२ साली छापलेल्या ज्या कागदांवर साठ वर्षांत एक पैसा व्याज आलं नव्हतं, त्यांना अचानक गिऱ्हाईक आलं.

फेस्टिनियोगचे कारभारी हे सगळं अस्वस्थ होऊन पाहत होते. त्यांच्या मार्गाचा एक तुकडा तानग्रिशियाय इथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या तलावाखाली गेला होता. भरपाईसाठी वीज मंडळाशी ते १९५४ पासून १९७२ पर्यंत भांडले होते. बुडालेल्या रुळांना वळसा घालणारा नवा मार्ग त्यांनी प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या हातांनी बांधला होता, आणि ब्लायनायला पुन्हा पोचायला त्यांना १९८२ उजाडावं लागलं. आता त्याच गावात, तेच पर्यटक खेचणारी दुसरी रेल्वे सार्वजनिक पैशाच्या आधाराने उभी राहणार, या विचाराने त्यांच्या पोटात गोळा आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फेस्टिनियोग कंपनीने आपलं नाव गुप्त ठेवून ऑफिशियल रिसीव्हरकडे त्या जमिनीसाठी बोली लावली. तिथे रेल्वे उभी राहू नये, हाच त्यामागचा हेतू होता.

१९९० च्या सुमारास हे बाहेर फुटलं आणि वारसा-रेल्वेच्या जगात एकच गदारोळ उडाला. रेल्वे वाचवण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने दुसरी रेल्वे गाडायला निघावं? संताप फक्त ६४ च्या कंपनीत नव्हता, फेस्टिनियोगच्या स्वतःच्या माणसांतही होता. ज्यांच्या वर्गणीवर आणि श्रमावर रेल्वे चालत होती, त्यांना या बोलीचा पत्ताच नव्हता.

यानंतर फेस्टिनियोगने धोरणाची दिशाच उलटी फिरवली. जमीन हवी ती रेल्वे बांधायलाच, आणि तीही दिनासपलीकडच्या कर्नार्व्हनपासून पोर्थमॅडॉगपर्यंत सबंध, अशी घोषणा झाली. कर्जरोखे गोळा करणारी मंडळी तिच्या बाजूला आली. ६४ च्या कंपनीला हे पचणं शक्यच नव्हतं. तीस वर्षं आपण खपलो आणि काल ज्यांना रेल्वे नको होती ते आज मालक व्हायला निघाले, अशी त्यांची भावना होती. त्यात तथ्यही होतं.

प्रकरण हायकोर्टात गेलं. पुढे जुन्या कंपनीची मालमत्ता सरकारी आदेशाने हस्तांतरित करण्यासाठी अर्ज आले आणि १९९३ च्या अखेरीस कर्नार्व्हनमध्ये जाहीर चौकशी बसली. निरीक्षकाचा कौल फेस्टिनियोगच्या विरुद्ध गेला. पण अंतिम शब्द वाहतूकमंत्र्यांचा होता. जॉन मॅकग्रेगर यांनी १९९४ मध्ये तो अहवाल बाजूला ठेवून जमीन फेस्टिनियोगला दिली. सरकार हुजूर पक्षाचं होतं, आणि ब्रिटिश रेल्वेच्या खासगीकरणाचा कायदा आदल्याच वर्षी याच मंत्र्यांनी पार पाडला होता. कौन्सिलऐवजी खासगी संस्थेच्या अंगावर जोखीम टाकणारा प्रस्ताव त्यांना पसंत पडला, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं.

निकाल लागला तरी पैसा उभा करायचा होताच. १९९५ मध्ये मिलेनियम कमिशनने ४३ लाख पौंड मंजूर केले. फेस्टिनियोगने सुरुवात जुन्या वादग्रस्त पट्ट्यावर न करता कर्नार्व्हन ते दिनास या टप्प्यावर केली. तिथे पूर्वी ब्रिटिश रेल्वेची रुंद रुळांची लाइन होती. १९९७ मध्ये या तुकड्यावर गाडी धावली. ती ओढायला दक्षिण आफ्रिकेतून आणलेली महाकाय गॅरट इंजिनं होती. त्यांतलं १४३ क्रमांकाचं इंजिन मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याने १९५८ मध्ये बांधलेलं, त्या कारखान्याचं शेवटचं वाफेचं इंजिन.

पुढच्या टप्प्यांना नवे विरोधक भेटले. इतक्या वर्षांत अ‍ॅबरग्लासलिनचे बोगदे गिर्यारोहकांची पायवाट झाले होते आणि शेतकऱ्यांना आपल्या रानातून गाडी नको होती. पुन्हा चौकशी झाली. शेवटी १९९९ मध्ये मजूर पक्षाचे जॉन प्रेस्कॉट यांनी परवानगीवर सही केली. दोन परस्परविरोधी पक्षांच्या मंत्र्यांच्या सह्यांवर ही रेल्वे उभी राहिली.

दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी १९९८ च्या जानेवारीत समझोता केला होता. पोर्थमॅडॉगकडून उत्तरेकडचा तुकडा ६४ च्या कंपनीने बांधायचा आणि फेस्टिनियोगने तिच्या वाटेत अडथळा आणायचा नाही, असा त्याचा गाभा होता. प्रत्यक्षात थोडं त्यांनी बांधलं, बाकीचं फेस्टिनियोगने. गाडी २००० मध्ये वॉनवॉरला, २००३ मध्ये रीद-दीला आणि २००९ मध्ये बेथगेलर्टला पोचली. शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड होता. पोर्थमॅडॉगजवळ हे अरुंद रूळ मुख्य रेल्वेचे रुंद रूळ त्याच पातळीवर छेदतात, आणि पुढे गावातल्या पुलावर मोटारी थांबवून गाडी रस्त्यामधून जाते. २०११ मध्ये सबंध ४० किलोमीटरवर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८० लाख पौंड.

निरीक्षक बरोबर होता की मंत्री, यावर तिथल्या जुन्या सभासदांचं आजही एकमत व्हायचं नाही. फेस्टिनियोगचे लोक ४० किलोमीटर रुळांकडे बोट दाखवतात. ६४ ची मंडळी विचारतात की सार्वजनिक मालकीत हेच काम दोन्ही संस्थांनी मिळून केलं नसतं कशावरून. ती कंपनी अजून आहे. मुख्य रेल्वे स्टेशनाच्या समोरून तिची छोटी गाडी निघते आणि 'रसेल' अजून तिच्याकडेच आहे. बंदरावरच्या स्टेशनातून मोठी गाडी निघते. गावात नवख्या आलेल्या प्रवाशाला दोन्हीकडे पाटीवर वेल्श हायलँड हेच शब्द दिसतात, आणि तिकीट मात्र दोन्हीकडे वेगळं काढावं लागतं.