न्यूरॉनचे बॉडीगार्ड: अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी मेंदूला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून कसं वाचवतात?

‘ग्लुटाथिओन’ हा शब्द तुम्ही बहुतेक त्वचा उजळवण्याच्या एखाद्या रीलमध्ये ऐकला असेल. गमी खा, ड्रिप लावा, चेहरा चमकेल, आणि सोबत ‘मेंदूही फ्रेश राहील’ असा दावा. गंमत म्हणजे हाच पदार्थ तुमच्या मेंदूत आत्ता, हे वाचतानाही तयार होतोय. त्यात सगळ्यात मोठा वाटा असलेल्या पेशींचं नाव अ‍ॅस्ट्रोसाइट. ही व्यवस्था कशी चालते ते समजलं, की त्या गमीच्या दाव्यावर किती विश्वास ठेवायचा हेही कळतं.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय?

पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा मायटोकॉन्ड्रिया बनवतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. अन्नातून आलेलं ग्लुकोज आणि श्वासातला ऑक्सिजन वापरून हे काम होतं, पण ते शंभर टक्के सफाईने होत नाही. थोडा ऑक्सिजन अर्धवट प्रक्रियेत अडकतो आणि त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे रेणू तयार होतात. पेशीतल्या मोकळ्या लोहाशी हायड्रोजन पेरॉक्साइडची गाठ पडली, तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो. तो फारच आक्रमक असतो. पेशीच्या आवरणातला मेद, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते तो खराब करतो.

हे रेणू थोड्या प्रमाणात असणं नॉर्मल आहे. पेशी त्यांचा वापर निरोप देण्यासाठीही करतात. पण निर्मिती जास्त आणि साफसफाई कमी, असं झालं की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. परीक्षेच्या टेन्शनशी याची गल्लत करू नका. हा पेशीतल्या रसायनांचा ताण आहे.

न्यूरॉनला धोका जास्त का?

• मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आपण आरामात बसलेले असतानाही शरीरातला जवळपास २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. जितकं काम जास्त, तितका ‘धूर’ जास्त.

• न्यूरॉनच्या आवरणात सहज खराब होणारी मेदाम्लं भरपूर असतात.

• रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवसांत बदलली जाते. बहुतेक न्यूरॉन मात्र जन्मभर तेच राहतात. फोन बिघडला तर नवा घेता येतो, इथे तो पर्याय नाही.

• आणि इतकं असूनही न्यूरॉनची स्वतःची संरक्षणव्यवस्था कमजोर असते.

मग हे न्यूरॉन सत्तर-ऐंशी वर्षं टिकतात कसे? शेजाऱ्यांच्या जोरावर.

अ‍ॅस्ट्रोसाइट कोण?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन असतात. त्यांच्या आजूबाजूला ज्या आधार देणाऱ्या पेशी असतात, त्यांना ग्लिया म्हणतात. १९व्या शतकात जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांना वाटलं, की हा न्यूरॉनना चिकटवून ठेवणारा मसाला असावा, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘गोंद’ या शब्दावरून हे नाव पडलं. अ‍ॅस्ट्रोसाइट हा ग्लियाचाच एक प्रकार, फांद्या पसरलेल्या ताऱ्यासारखा. त्याच्या काही फांद्या रक्तवाहिनीला टेकलेल्या, काही न्यूरॉनच्या जोडांना म्हणजे सिनॅप्सना. एका बाजूला पुरवठा, दुसऱ्या बाजूला ग्राहक आणि मध्ये हा.

प्रयोगशाळेत नुसते न्यूरॉन वाढवले आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं, तर ते भराभर मरतात. सोबत अ‍ॅस्ट्रोसाइट असतील तर बरेच जास्त तग धरतात.

ग्लुटाथिओनची सप्लाय चेन

ग्लुटाथिओन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू आहे: ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन. तो स्वतः इलेक्ट्रॉन देऊन हायड्रोजन पेरॉक्साइडचं साधं पाणी करायला मदत करतो. तीन भागांपैकी सिस्टीन मिळणं सगळ्यात अवघड. पेशीबाहेर दोन सिस्टीन एकमेकांना जोडून जोडीने फिरतात आणि प्रौढ न्यूरॉनला ही जोडी नीट आत घेता येत नाही. इथे अ‍ॅस्ट्रोसाइट कामाला येतो:

१. अ‍ॅस्ट्रोसाइट सिस्टीनची जोडी आत ओढतो आणि ती तोडतो.

२. त्या सिस्टीनपासून ग्लुटाथिओन बनवतो. थोडं स्वतःसाठी ठेवतो, थोडं बाहेर सोडतो.

३. बाहेर विकरं म्हणजे एन्झाइम त्याचे तुकडे करतात आणि सुटं सिस्टीन मोकळं होतं.

४. न्यूरॉन हे सुटं सिस्टीन आत घेतो आणि स्वतःचं ग्लुटाथिओन स्वतः जोडतो.

म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट तयार माल न्यूरॉनमध्ये नेऊन ठेवत नाही, पार्ट पोहोचवतो. असेंब्ली न्यूरॉनच्या घरी होते. जर्मनीतल्या राल्फ ड्रिंगेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या साखळीचा महत्त्वाचा पुरावा प्रसिद्ध केला.

धोका ओळखणारा स्विच

अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये एनआरएफ२ नावाचं प्रथिन असतं. एरवी कीप१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि त्याची विल्हेवाट लावायला मदत करतं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढला, की कीप१ची पकड सुटते. एनआरएफ२ केंद्रकात जातं आणि ग्लुटाथिओन बनवणाऱ्या, विषारी रेणू साफ करणाऱ्या अनेक जनुकांना एकदम ‘ऑन’ करतं. न्यूरॉनमध्ये हा स्विच बराचसा दाबून ठेवलेला असतो, म्हणून अ‍ॅस्ट्रोसाइटवरची जबाबदारी आणखी वाढते.

याशिवाय तीन कामं

• ग्लुटामेट उचलणं: न्यूरॉन एकमेकांना निरोप द्यायला ग्लुटामेट वापरतात. ते साचून राहिलं तर न्यूरॉनमध्ये कॅल्शियम घुसतं आणि घातक रेणू वाढतात. अ‍ॅस्ट्रोसाइट ते लगेच उचलतात.

• व्हिटॅमिन सी रिचार्ज करणं: वापरून झालेलं व्हिटॅमिन सी न्यूरॉन बाहेर टाकतो, अ‍ॅस्ट्रोसाइट ते पुन्हा कामाचं करतो.

• खराब मेद ताब्यात घेणं: ताणाखालचे न्यूरॉन बिघडलेला मेद बाहेर काढतात. अ‍ॅस्ट्रोसाइट तो थेंबांच्या रूपात साठवून हळूहळू जाळतात.

संरक्षण ढासळलं तर?

पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये मेंदूच्या ज्या भागातले डोपामीन बनवणारे न्यूरॉन मरतात, तिथे ग्लुटाथिओन कमी झालेलं आढळतं. खराब मेद न्यूरॉनकडून ग्लियाकडे नेण्यात एपीओई या प्रथिनाचा वाटा असतो. त्याचा एपीओई४ हा प्रकार प्रयोगांमध्ये हे काम नीट करत नाही, आणि हाच प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो.

एएलएस या आजारात तर रक्षकच उलटतो. काही रुग्णांमध्ये एसओडी१ या जनुकात दोष असतो, हे १९९३ मध्ये कळलं. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी या दोषाचे अ‍ॅस्ट्रोसाइट निरोगी न्यूरॉनसोबत वाढवले, तर स्नायू हलवणारे न्यूरॉन मरू लागले. दोष न्यूरॉनमध्ये नव्हता, शेजाऱ्यात होता. म्हणूनच आता नव्या औषधांच्या शोधात ग्लियाकडेही लक्ष दिलं जातं.

मग ग्लुटाथिओनची गोळी घ्यायची का?

वरची साखळी आठवा. तोंडावाटे घेतलेलं ग्लुटाथिओन बरंचसं पोटातच तुटतं. उरलेल्याला मेंदू आणि रक्त यांच्यामधल्या अडथळ्यातून आत जाणं कठीण. आणि न्यूरॉनला तयार ग्लुटाथिओन नको असतं, सुटे भाग हवे असतात. पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसमध्ये लिव्हरचं ग्लुटाथिओन संपतं, तेव्हाही डॉक्टर ग्लुटाथिओन नाही, तर सिस्टीन पुरवणारं अ‍ॅसिटाइलसिस्टीन देतात.

इतर अँटिऑक्सिडंटची कहाणी वेगळी नाही. अमेरिका आणि कॅनडात सुरुवातीच्या टप्प्यातल्या ८०० पार्किन्सन्स रुग्णांवर व्हिटॅमिन ई तपासलं गेलं, रोज २,००० युनिट. १९९३ मध्ये निकाल आला: आजाराचा वेग कमी झाला नाही.

म्हणून पैसे गमीवर घालवण्यापेक्षा साधं बघा. सिस्टीन डाळी, अंडी, दूध अशा रोजच्या प्रथिनांतून मिळतं. सिगारेटचा धूर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवतो, नियमित व्यायामाने शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था तयारीत राहते. आणि घरात आजोबांचा हात थरथरतोय, चाल मंदावली आहे असं दिसलं, तर ऑनलाइन ‘ब्रेन बूस्टर’ मागवू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पार्किन्सन्सची लक्षणं आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत, आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची असतात.